सर्व स्तरांतून अभिनंदन

या जगात बातमी होणार नाही अशी एकही गोष्ट घडत नाही, यावर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात तालुक्यांचं पान लावतो, आणि आमचे दाजी राधानगरीच्या पुढं, धरणाच्या अंगाला वसलेल्या एका लहानशा वाडीतल्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत. म्हणजे बातमी घडवणारा आणि बातमी छापणारा एकाच घरातले. अक्काची पाठवणी करताना वडील ढसाढसा रडले होते. आता मागं वळून बघताना वाटतं, त्या दिवशी खरं तर मी रडायला हवं होतं.

शाळेत मुलं मूठभर, शिक्षक दोन आणि खोल्या तीन. त्यांतल्या तिसरीत खिचडीच्या तांदळाची पोती. पण बातम्यांचा ओघ असा, की एखाद्या विद्यापीठालाही धाप लागावी. तिसरीतल्या एका मुलानं न अडखळता पाढा म्हटला, की 'तेराच्या पाढ्यावर चिमुकल्याचे प्रभुत्व'. शनिवारी पोरांची नखं कापली, की 'विद्यार्थ्यांची स्वच्छतेकडे स्वयंस्फूर्त वाटचाल'. शाळेच्या नळाला नवी तोटी बसवली तेव्हा सरपंचांच्या हस्ते फीत कापून 'जलसुविधेचा शुभारंभ' झाला. फोटोत सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या, तोटी सताड उघडी आणि खाली बादली कोरडी. पाणी नंतर आलं, बातमी आधी आली. एकदा तर भर दुपारी जंगलातून एक गवा आला, शाळेच्या कुंपणाशी थोडा वेळ उभा राहिला, कंटाळला असावा, आणि निघून गेला. पोरं आणि मास्तर आतून कडी लावून बसले होते. संध्याकाळी माझ्या मोबाईलवर मथळा आला: 'गव्याची शाळेस सदिच्छा भेट'.

प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य मात्र एकच असायचं. 'या यशाबद्दल सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे.' एकदा मी विचारलं, "दाजी, नखं कापल्याबद्दल कोण अभिनंदन करतंय?"

"मी केलं की," दाजी म्हणाले. "तुझ्या अक्कानं केलं. सकाळी दूध घालायला आलेल्या पांडबानं केलं. शिक्षण, गृह आन् दुग्धव्यवसाय. आनि किती स्तर पायजेत रं तुला?"

वाडीत मोबाईलला रेंज नाही. ती मिळते शाळेमागच्या टेकावर, तीही एका ठरावीक दगडावर उभं राहून हात वर केला तर. त्या भागात पाऊस पडायला लागला, की दिवसचे दिवस समोरचं झाड दिसत नाही. पण दाजी डोक्यावर इरलं घेऊन, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हात उंचावून त्या दगडावर उभे. खालच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका परगावच्या बाईनं तर कुणी साधू तपाला उभा आहे समजून लांबूनच हात जोडले होते. दाजींनी तिला ओरडून सांगितलं, "मावशी, जरा थांबा, फोटू जाईना झालाय."

सत्कारासाठी शाळेत एक शाल होती. एकच. ती ज्याच्या खांद्यावर पडायची त्याच्याकडून फोटो निघाल्याबरोबर परत घेतली जायची. आमच्या पानावर ती इतक्या जणांच्या अंगावर छापून आली, की आमच्या कार्यालयातला मुद्रितशोधक माणसांऐवजी शालीलाच ओळखायला लागला. एक निवृत्त अधिकारी ती खरोखरची भेट समजून अंगावर घेऊनच एसटीत बसले, तेव्हा दाजींनी मोटारसायकल काढून पुढच्या थांब्यावर गाडी गाठली. खिडकीतून आत हात घालून अदबीनं म्हणाले, "साहेब, सत्कार तुमचाच हाय, पर शाल शाळंची हाय."

पण खरी शरम मला वाटायची ती दाजी आमच्या कार्यालयात यायचे तेव्हा. जिना चढतानाच आवाज यायचा: "पावणं, आमचं मेहुणं कुठं बसत्यात?" मग एका हातात खरवसाचा डबा आणि दुसऱ्या हातात फोटोंचं पाकीट घेऊन ते भर कामाच्या वेळी टेबलांमधून वाट काढत यायचे. खरवस सगळ्यांना आवडायचा. पहिला तुकडा तोंडात जाईपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्यानं दाजींचं ऐकून घ्यायचे. ते गेले, की "आपले विशेष प्रतिनिधी आज लवकर परतले," असं कुणीतरी म्हणायचं आणि खोलीभर हशा पिकायचा. माझे कान तापायचे. मी संगणकात इतकं खाली डोकं घालायचो, की एकदा संपादकांनी मला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं.

आणि माईक दिसला, की संपलंच. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची सभा असो, दाजी शाळेचं यश सांगितल्याशिवाय खाली उतरत नसत. आमच्या चुलत तात्यांचं रक्षाविसर्जन होतं. नदीकाठी सगळे खाली मान घालून उभे. श्रद्धांजलीला दाजी पुढं आले आणि म्हणाले, "कैलासवासी तात्यांना सुंदर अक्षराची भारी आवड. आज त्यांचा आत्मा जिथं असंल तिथं त्याला समाधान वाटंल, कारण आमच्या शाळेच्या चौथीतल्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस..." तात्या जन्मभर अंगठा लावत आले होते. त्या दिवशी कावळा शिवायला फार वेळ लागला. अक्का म्हणाली, त्यालापण लाज वाटली असंल.

परत येताना मी चिडून बोललो. म्हटलं, "दाजी, लोक हसतात तुम्हाला. आणि तुमच्यापायी मलापण." ते रागावले नाहीत. गाडी चालवता चालवताच म्हणाले, "आमच्या वाडीत रोज सकाळी ती पिवळी गाडी येती. टाय लावल्याली पोरं घिऊन जाती इंग्रजी शाळंला. माझ्याकडं ऱ्हात्यात ती ज्येंच्या आईबापाला परवडत न्हाय ती. ती पोरं रोज सकाळी ती गाडी बघत्यात. त्येंच्या शाळंचं नाव कुठंतरी याय नगो व्हय रं पेपरात?" दुसऱ्या दिवशी मी त्या उत्तेजनार्थ बक्षिसाला दोन ओळी दिल्या.

अशा या शाळेत सातवीला अंकिता नावाची मुलगी होती. अंगानं काटकुळी, बोलायला लाजरी, पण पळायला लागली की वाऱ्यालाही बाजूला सरायला लावेल अशी. तिची आई शाळेत खिचडी शिजवायची, वडील नव्हते. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत ही पोरगी अनवाणी पळाली आणि पहिली आली. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच खरीखुरी, दोन्ही बाजूंनी वाजवून घ्यावी अशी बातमी घडली होती. दाजी इतके हरखले, की ती बातमी त्यांनी अगदी साध्या शब्दांत पाठवली. एकही विशेषण नाही. मलाच चुकल्यासारखं वाटलं.

जिल्ह्याची स्पर्धा कोल्हापुरात होती. माझी साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून दुपारचं जेवण करून मीही मैदानाकडं निघालो. वाटेतच फोन आला. मागं गोंगाट, आणि त्यावरून दाजींचा आवाज: "आली! अंकी पहिली आली!"

"जिल्ह्यात?" मी विचारलं.

"जिल्ह्यात न्हाय तर काय आमच्या परड्यात? तू लवकर ये. मी डिजिटल छापून घेतोय."

मला मनापासून आनंद झाला. मी मिठाईच्या दुकानाशी थांबून पेढे घेतले. मैदानाच्या फाटकाशी पोचतोय तोच समोरच्या गल्लीतून दाजी आले. बगलेत डिजिटल फलकाची गुंडाळी, शाईचा वास अजून ताजा, चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत असलेला. रस्त्यातच त्यांनी ती उलगडून दाखवली. अंकिताचा फोटो, वर 'जिल्ह्यात प्रथम', खाली शाळेचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की मुलीचा फोटो त्याच्या पायाशी बसल्यासारखा दिसत होता. फोटो आणि बातमी गावाच्या, तालुक्याच्या, शिक्षकांच्या, पै-पाहुण्यांच्या सगळ्या ग्रुपांवर गेली होती. इथं रेंज भरपूर होती.

आत गेलो तर मैदान बरंचसं रिकामं झालेलं. मांडवाच्या सावलीत एका सतरंजीवर अंकिता बसली होती. दुसऱ्याच कुठल्यातरी शाळेच्या एक बाई तिच्या गुडघ्याला पट्टी बांधत होत्या. कोपरही खरचटलेलं, गालाला माती. दाजी थबकले. त्या बाईंनी वर बघितलं. "तुमची मुलगी का ही? अहो, होतात कुठं तुम्ही? अंतिम फेरीत वळणावर पडली बिचारी. सारखी फाटकाकडंच बघत पळत होती."

अंतिम फेरी. तालुक्याला मुली थोड्या होत्या, एकाच फेरीत निकाल लागला होता. इथंही तसंच असणार असं दाजी धरून चालले होते. माईकवर तिचं नाव पहिलं पुकारलं, आणि "हितंच बस, मी आलोच," असं तिला सांगून हा माणूस बातमी घेऊन धावत सुटला होता. मागं दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा ती एकटीच उठून रेषेवर गेली.

अंकिता रडत नव्हती. तिनं दाजींच्या बगलेतल्या गुंडाळीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "सर, तुमी कुठं गेलतासा?"

दाजी तिच्यासमोर मातीत बसले, उगीचच पट्टीची गाठ सारखी करायला लागले. ती आधीच नीट बांधलेली होती.

त्यांना एकट्यानं जाऊ देववेना, म्हणून मीही राधानगरीच्या गाडीत चढलो. दाजींनी फलक सीटखाली सरकवला. गाडी सुटली आणि त्यांचा फोन वाजायला लागला. ठेवला की वाजे, ठेवला की वाजे. केंद्रप्रमुख, दूध संस्थेचे अध्यक्ष, जुने विद्यार्थी, मुंबईतला कुणी तरी गाववाला, ज्यांनी कधी त्यांच्या एकाही बातमीला अंगठ्याचं चित्रसुद्धा पाठवलं नव्हतं असे लोक. इतकी वर्षं जे वाक्य ते नुसतं लिहीत आले होते ते आज खरं होत होतं. सर्व स्तरांतून अभिनंदन होत होतं, आणि दाजी फोन मांडीवर उपडा धरून खिडकीबाहेर मागं पळणारा ऊस बघत होते. मी हळूच म्हटलं, "ग्रुपवर दोन ओळी टाकून द्या ना, चूक झाली म्हणून." ते म्हणाले, "गावभर पसरवल्यालं दोन ओळीत पुसू व्हय? तोंडानंच सांगाय पायजे."

थोड्या वेळानं अंकितानं विचारलं, "सर, आईला काय सांगायचं?"

"तू काय सांगू नगोस," ते म्हणाले. "मी सांगतो."

वाडीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. हलगीचा आवाज गाडीतच ऐकू आला. कुणीतरी टेकावर जाऊन बातमी खाली आणली होती; रस्त्यावर अख्खी वाडी. फुलं बांधलेला ट्रॅक्टर, गुलालाचं पोतं, सरपंच नव्या टोपीत, आणि पुढं आरतीचं ताट घेऊन अंकिताची आई. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पोरगी लंगडत उतरली आणि दाजींच्या पाठीमागं लपली. गुलालाची पहिली मूठ दाजींच्याच डोक्यावर पडली. कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. माईक देताना लोक हसले. मास्तरला माईक म्हणजे मांजराला दूध, हे वाडीला ठाऊक होतं.

"हलगी थांबवा," दाजी म्हणाले. हलगी थांबली नाही. त्यांना भाषणासाठी शांतता हवी असेल असं वाटून उलट एकदा जोरात कडकडली आणि मग थांबली. "माझी बातमी चुकली. पोरगी पयल्या फेरीत पयली आली, ती खरंच आली. पर शेवटच्या फेरीत पडली. ती पडली तवा तिचा मास्तर मैदानावर नव्हता. तिचा मास्तर डिजिटल छापाय गेलता." एवढं बोलून त्यांनी माईक खाली घेतला. मग काहीतरी राहिल्यासारखं वाटून परत तोंडाशी नेला. "तिला कुणी काय बोलू नगासा. बोलायचं ते मला बोला."

ट्रॅक्टरच्या इंजिनाची धडधड तेवढी चालू राहिली. मागं दोघं-चौघं हसले. कुणीतरी त्यांना गप्प केलं. हलगीवाल्यानं अगदी खऱ्याखुऱ्या अडचणीत पडून विचारलं, "मग सर, आता वाजवायचं का न्हाय?"

अंकिताच्या आईनं ताट ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवलं. पुढं येऊन लेकीचा गुडघा बघितला, पदरानं तिचा गाल पुसला. मग दाजींकडं वळली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सर, पडली तर पडली. पोरं पडत्यातच. पर तिच्याजवळ कोन तरी पायजे हुतं की." आणि लेकीचा हात धरून अंधारत चाललेल्या पायवाटेनं निघून गेली. डोक्यावर गुलाल घेऊन दाजी तिथंच उभे. मीही त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्यामुळं लाज वाटायची सवय मला फार जुनी होती. पण त्या संध्याकाळी मला त्यांच्यापासून लांब सरकावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. डबा नव्हता, आवाज नव्हता. खुलासा छाप म्हणाले. मी समजावलं, की आपल्या पेपरात बातमी आलीच नव्हती. न छापलेल्या बातमीचा खुलासा कसा छापायचा? ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "मग माझी लाज मी कुठं छापू?" आसपासच्या टेबलांवरचे सगळे कामात गढून गेले. त्या दिवशी ते गेल्यावर कुणी काही बोललं नाही.

मग बातम्या बंद झाल्या. एक ओळ नाही, एक फोटो नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग पानाच्या खालच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली, की तिथं काय भरावं ते सुचेना. अक्काचा टेकावरून फोन आला, "हे घरात बोलंनात रं. टेकावर जात न्हाईत, फोन चार्जिंगला लावत न्हाईत. फक्त रोज सकाळी उठून अंकीच्या घरी जात्यात." अंकिता शाळेत यायची बंद झाली होती. पोरं रस्त्यात 'डिजिटल, डिजिटल' म्हणून तिला चिडवायची. दाजी रोज शाळेआधी तिच्या दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. आई चहा द्यायची नाही, तेही मागायचे नाहीत. थोडा वेळ बसायचे, "येतो," म्हणायचे आणि उठायचे. चिडवणाऱ्या पोरांना त्यांनी मारलं नाही. वर्गात फळ्यापुढं उभं राहून सांगितलं, की त्या डिजिटलवर चूक मी छापली, म्हणून चिडवायचं तर मला चिडवा. पोरांनी एक दिवस खरंच चिडवून बघितलं. मास्तर मान खाली घालून ऐकून घेतात म्हटल्यावर त्यातली मजाच गेली.

पुढं एका सकाळी अंकिता आपणहून बाहेर आली. गुडघ्यावरची खपली निघून गेली होती. ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "सर, मी पळताना तुमी नुसतं उभं ऱ्हायाचं. फोटू काढायचा न्हाय." दाजींनी खिशातला फोन काढून तिच्या आईच्या हातात दिला. आईनं तो चुलीशेजारच्या फळीवर ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा टाकला.

आता ती राधानगरीच्या हायस्कूलला जाते. दाजींच्या शाळेचा तिच्याशी काही संबंध उरला नाही. तिचं यश आता त्यांचं म्हणून सांगता यायचं नाही. त्यांची निवृत्तीही जवळ आली आहे, आणि त्यांच्यानंतर ती शाळा राहील की नाही, हे कुणी सांगत नाही. गेल्या महिन्यात मी अक्काकडं मुक्कामाला गेलो होतो. पहाटे जाग आली तर दाजी अंथरुणात नव्हते. मी शोधत बाहेर पडलो. धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर ते दवात उभे होते, हात पाठीमागं बांधून. मी काही विचारणार तोच धुक्यातून पावलांचा आवाज आला. अंकिता आली. आता चांगली उंच झाली आहे, पायात बूट आहेत. तिनं आमच्याकडं एकदा बघितलं, हसल्यासारखं केलं आणि वळण घेऊन गेली.

मी म्हटलं, "दाजी, झकास पळते हो पोरगी. वेळबिळ मोजता की नाही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती दिसेनाशी झाली तरी ते त्या धुक्याकडं बघत राहिले. मग काहीतरी पुटपुटले, इतकं हळू, की मला परत विचारावं लागलं.

"दमली न्हवती न्हवं?" ते म्हणत होते.